२० बाय १६ ची खोली

आमच्या पहिली-दुसरीच्या वर्गाची खोली २० फूट लांब आणि १६ फूट रुंद आहे. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका गावातील जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. दोन्ही इयत्ता मिळून पटावर ३१ मुले आहेत आणि ती एकाच खोलीत बसतात. हिशेब केला तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम १० चौरस फूट जागा येते. त्यातून तीन कपाटे, टेबल-खुर्ची, पाण्याचे पिंप आणि दाराशी पडणारा चपलांचा ढीग वजा केला, तर मांडी घालून बसलेल्या मुलाला शेजारच्याच्या पाटीला धक्का न लावता लिहिता येईल एवढीही जागा उरत नव्हती.

२०१८ च्या जूनमध्ये बदली होऊन मी इथे आले, तेव्हा या अडचणीवर मला सुचलेला उपाय सजावटीचा होता. खोली लहान आहे तर निदान प्रसन्न दिसावी, या विचाराने मी शहरात जाऊन स्वतःच्या खर्चाने फ्लेक्स छापून आणले. कोल्हापुरात डिजिटल फलक छापून देणाऱ्यांना तोटा नाही. वाढदिवसाचे फलक जिथे रातोरात उभे राहतात, तिथे बाराखडीचा फलक तासाभरात हातात पडतो. मुळाक्षरे, बाराखडी, पाढे, फळे, प्राणी, वाहने, चांगल्या सवयी असे अकरा फ्लेक्स तीन भिंतींवर खिळ्यांनी ठोकले. त्यांतील दोन तर खिडकीच्या निम्म्या भागावर आले होते. भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी कौतुक केले, पालकांनी मोबाइलवर फोटो काढले आणि मलाही वर्ग नटल्याचे समाधान वाटले.

डिसेंबरात दुसरीतील एक मुलगी पाटीवर ‘ठ’ लिहिताना अडली. तिच्या पाठीमागे, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, ठशाचे चित्र असलेला ‘ठ’ सहा महिने लटकत होता. मी तिला मागे वळून बघायला सांगितले, तर ती त्या गर्दीत ‘ठ’ शोधू लागली आणि तिला तो सापडेना. सापडणार तरी कसा? तो फलक माझ्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला होता आणि त्याच्या आजूबाजूला सिंह, विमान, पपई आणि दात घासणारा मुलगा यांची दाटी होती. पुढे वाचनात आले की अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली बालवाडीच्या २४ मुलांवर नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रांनी भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ विचलित राहिले, तर मोकळ्या भिंतींच्या वर्गात २८.४ टक्के वेळ, आणि शिकलेलेही भरगच्च वर्गात कमीच भरले. चोवीस मुलांच्या प्रयोगावरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे मला समजते. पण त्या पंचविसाव्या मुलीला मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

तरीही ते फ्लेक्स मी काढले नाहीत. पदरचे पैसे घातलेली वस्तू काढायला हात धजत नाही. ते काम २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने केले.

पाणी ओसरून आम्ही शाळेत शिरलो तेव्हा वर्गातील भिंतीवर अडीच फुटांच्या थोडी वर गाळाची सरळ रेघ उमटली होती. कपाटांच्या खालच्या दोन कप्प्यांतील तक्ते, वह्या आणि कार्डशीटचे गठ्ठे यांचा लगदा झाला होता. गाळ काढण्यासाठी गावातील मंडळाच्या मुलांनी खोलीतील एकूण एक वस्तू बाहेर काढली, फरशी धुतली आणि दारे-खिडक्या सताड उघडी टाकली. वर्ग पुन्हा भरला त्या पहिल्या दिवशी खोलीत सतरंज्या आणि फळ्याशिवाय काहीच नव्हते. पहिलीतला एक मुलगा उंबऱ्यावरच थांबला आणि म्हणाला, “बाई, आपला वर्ग एवढा मोठा हाय?” आणि मग सगळी मुले या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती पळत सुटली.

त्या दिवसापासून ‘वर्गात काय आणू’ याऐवजी ‘बाहेर काढलेल्यांपैकी परत काय घेऊ’ असा विचार मी करू लागले. बाहेर काढलेले सामान व्हरांड्यात रचलेले होते. त्यात चार मोडकी बाके, तळ गंजलेली दोन कपाटे, बंद पडलेला रेडिओ आणि एक लुळा तराजू होता. सरकारी शाळेत न शिकवलेल्या माणसाला हे पटणार नाही, पण यातील एकही वस्तू मला फेकून देता येत नव्हती, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला, चढलेली होती. रजिस्टरमधील वस्तू पुरात बुडाली, गंजली, तिचा भुगा झाला तरी निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ती कागदावर धडधाकट असते. आमच्या प्रस्तावाला दोन शैक्षणिक वर्षे लागली. मुख्याध्यापकांनी मधला मार्ग म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घेतला आणि ते सामान ताडपत्रीखाली व्हरांड्याच्या टोकाला ठेवले. कमी जागेच्या वर्गाबद्दल मला कोणी एकच सल्ला मागितला, तर रंग आणण्याआधी डेडस्टॉक रजिस्टर उघडा, असे मी सांगेन. आमच्या खोलीतील जवळजवळ २५ चौरस फूट जागा त्या रजिस्टरने अडवली होती. जागा मोकळी झाल्यावर आणखी एक गोष्ट नजरेस आली. ज्या शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यांची तसबीर इतकी वर्षे कपाटाच्या माथ्यामागे अर्धी झाकलेली होती.

कपाटे गेल्यावर सामान ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरलाच. आमच्याएवढ्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात आणि वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती हेही त्यातच भागवायचे असते, त्यामुळे एका वर्गाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. मी ते ११ फ्लेक्स धुऊन घेतले आणि दप्तरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांना कप्पे शिवून घेतले. छापील बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर ठेवली. एका पट्टीला आठ कप्पे आणि वर काठी सरकवायला नेफा, अशा चार पट्ट्या झाल्या. प्रत्येक मुलाचा एक कप्पा ठरला, त्यात त्याची पाटी, वही आणि खडूचा तुकडा राहतो; उरलेला बत्तिसावा कप्पा माझा. पट्ट्या खिळ्याला अडकवलेल्या असतात, त्यामुळे नदीचे पाणी चढू लागले की गुंडाळून माळ्यावर टाकायला दहा मिनिटे पुरतात. पुराच्या गावात भिंतीवर कायमचे काही ठोकू नये, हे मी उशिरा शिकले. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा वर्गात आले तेव्हा आमचे कागदाचे एक चिटोरेही भिजले नाही.

गणिताच्या साहित्यासाठी एका पालकांची मदत झाली. ते शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न बनवणाऱ्या कारखान्यात काम करतात. ओतकामात धातू ओतण्याआधी वाळूचा साचा करावा लागतो आणि त्या साच्यासाठी सुट्या भागाची जी लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. ते बनवताना लाकडाचे इंच-दोन इंचांचे उत्तम, सरळ कापलेले तुकडे उरतात आणि ते बहुधा जळणात जातात. त्यांनी पोतंभर तुकडे आणून दिले. शनिवारच्या दोन सकाळी मुलांनी ते पॉलिश पेपरने घासले आणि आम्हाला मोजायचे, रचायचे, आकारांप्रमाणे वेगळे करायचे शे-दीडशे ठोकळे मिळाले. ते आंब्याच्या दोन लाकडी पेट्यांत राहतात. पेट्या उपड्या केल्या की त्यांचेच बैठे टेबल होते. चिंचोके आणि बाटल्यांची बुचे तर मुलेच आणतात. ती कधी कमी पडली नाहीत, उलट आता पुरे म्हणावे लागते.

रंगाच्या बाबतीत मात्र मी सपशेल चुकले. मुलांना बसल्या जागी लिहिता यावे म्हणून भिंतीच्या तळाशी दोन फूट उंचीचे तळफळे करायचे ठरवले. तीन भिंती मिळून ३६ फूट लांबी होत होती आणि दोन लिटर काळा रंग पुरेसा होता. पुरानंतरची ही खोली मला सजलेली पाहायची घाई झाली होती, म्हणून ऑक्टोबरातच रंग दिला. भिंत वरून कोरडी दिसत होती, पण आत पाणी मुरलेले होते. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर निम्म्या फळ्याला फुगे आले होते आणि मुले ते नखाने फोडून पोपडे काढत बसली होती, अत्यंत मन लावून. पुढच्या मे महिन्यात सगळे खरवडून, घासून पुन्हा रंगवले. ते फळे आजही टिकून आहेत. ओल धरलेल्या भिंतीला उन्हाळ्याशिवाय हात लावू नये.

भिंतींचे वाटप आता असे आहे की तळफळ्यांपासून साडेचार फुटांपर्यंतचा पट्टा मुलांचा, आणि त्यावर मुलांनी केलेलेच काही तरी लावायचे. खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधली आहे आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद लावले जातात. एका वेळी ३१ च कागद असतात, महिनाअखेर ते उतरतात आणि ज्याचे त्याच्या घरी जातात. त्याच्या वरची भिंत फिकट पिवळी आणि कोरी आहे. खिडक्यांवर काहीही नाही, कारण पावसाळ्यात वीज गेली की खिडकी हाच आमचा दिवा असतो. झगमगीत पताकांची हौस आम्ही गणेशोत्सवानंतर मंडळाकडून मिळणाऱ्या रंगीत कापडावर भागवतो. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, आणि ते पुरात तरंगत नदीत जाताना मी पाहिलेही आहे.

फरशीवर शैक्षणिक आकृत्या रंगवण्याची पद्धत साताऱ्याच्या कुमठे बीट या शाळागटामुळे महाराष्ट्रभर पोहोचली आणि आम्हीही ती करून पाहिली. पण आमची फरशी दिवसभर सतरंजीखाली झाकलेली असते, त्यामुळे व्हरांड्यातील संख्यांची शिडी तेवढी ठेवली. दाराच्या फळीखाली फरशीवर कोन रंगवून घ्या, असेही एका प्रशिक्षणात सांगितले होते. कल्पना सुंदर आहे, पण पहिलीच्या मुलांना दार किती अंशांत उघडले याच्याशी कर्तव्य नसते, बोट चेमटू नये एवढेच त्यांना हवे असते.

या सगळ्यात मला सर्वांत आवडती वस्तू फळ्याशेजारची एक उभी पट्टी आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर १ पासून ६० पर्यंत आकडे आहेत आणि सुतळीत ओवलेला एक लाल मणी वर-खाली सरकतो. जून संपला की रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी किती फूट आहे ते मुले घरून विचारून येतात आणि पाळीचा मुलगा मणी सरकवतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आमच्या पहिलीला वीसपर्यंतचे आकडे नीट येण्याआधी ठाऊक असते. कालच्यापेक्षा किती वाढले, इशाऱ्याला किती कमी आहे, ही वजाबाकी मला शिकवावी लागत नाही. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून परिसर हेच पाठ्यपुस्तक मानणारे शिक्षण उभे केले. त्यांच्या वाटेवरून मी फार तर चार पावले चालले असेन. पण ही पट्टी त्यांपैकी एक आहे, असे मला वाटते.

सप्टेंबर संपला की मणी खाली येऊन थांबतो. गेल्या वर्षी मी पट्टी उतरवायला गेले, तर मुलांनी उतरवू दिली नाही. गाळप सुरू झाले की शाळेसमोरून उसाचे ट्रॅक्टर जातात, मधल्या सुट्टीपर्यंत किती गेले ते आम्ही लावणार, असे त्यांचे म्हणणे पडले. पहिल्या दिवशी मणी १७ वर गेला. दुसऱ्या दिवशी रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरला मोजायचे की नाही, यावरून दुसरीत भांडण झाले आणि तो वाद अजून मिटलेला नाही.