ट्रेब्लिंका : रेल्वेच्या वेळापत्रकातला नरसंहार

वॉर्सा ते बियाविस्तोक या मुख्य लोहमार्गावरील माल्किनिया जंक्शनला उतरून आम्ही मोटारीने बुग नदी ओलांडली आणि पाइनच्या जंगलातून पोलंडमधील ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीच्या स्मारकाकडे निघालो. ही जागा नाझींनी का निवडली, हे त्या वाटेवरच कळत गेले. मोठा लोहमार्ग जवळ आहे, वस्ती विरळ आहे आणि झाडीमुळे बाहेरून काही दिसत नाही.

आवार इतके लहान आहे की जुलै १९४२ पासून सुमारे वर्षभरात इथे आठ लाखांहून अधिक ज्यूंची हत्या झाली, यावर मन विश्वास ठेवायला तयार होत नाही. ऑशविट्झ या दुसऱ्या नाझी छावणीत बराकींच्या रांगा आहेत, कारण तिथे कैद्यांकडून वेठबिगारीही करून घेतली जात असे. ट्रेब्लिंकात आणलेल्या बहुतेकांना काही तासांहून अधिक जगू द्यायचेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या निवाऱ्याचा प्रश्नच नाझींपुढे नव्हता. छावणीच्या फलाटाशी एका वेळी सुमारे वीस डबे लागत. उरलेली गाडी गावाच्या स्थानकात खोळंबून राही आणि बंद डब्यांत कोंडलेली माणसे उन्हाने व तहानेने तिथेच मरत. जेमतेम तीस जर्मन आणि शंभरेक साहाय्यक पहारेकऱ्यांना एवढा जमाव बळाने आवरणे कठीण होते, म्हणून पुढच्या गावी पाठवण्यापूर्वी फक्त आंघोळ करायची आहे, असे सांगितले जाई. पुढे तर फलाटावर रंगवलेल्या घड्याळासह खोटे स्थानकच उभारले गेले. मरणाऱ्यांचा विश्वासही या योजनेत हिशेबात धरलेला होता, याचा मला सर्वाधिक संताप येतो.

आज तिथे रुळांच्या जागी काँक्रीटचे स्लीपर मांडलेले आहेत. त्यांच्या कडेने चालताना रेल्वेच्या कचेऱ्यांचा विचार मनातून जात नव्हता. जर्मन रेल्वे या माणसांचे तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे आकारत असे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले मोफत आणि चारशेहून अधिक प्रवासी असल्यास सामूहिक सवलत. वाहतूक मंत्रालयातील राज्यसचिव अल्बर्ट गांझेनम्युलर यांनी २८ जुलै १९४२ रोजी एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर याच्या कार्यालयाला लेखी कळवले की, २२ जुलैपासून ५,००० ज्यूंची एक गाडी रोज वॉर्साहून माल्किनियामार्गे ट्रेब्लिंकाला जात आहे. त्यांच्यावर १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीत खटला उभा राहिला; पण हृदयविकाराच्या झटक्यामुळे तो थांबला आणि निकाल न लागताच १९९६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.