लिस्टर, ब्लॅकबर्नचे बापलेक आणि आपल्या एमआयडीसीतली ड्रॉइंग्ज

सध्या माझ्या डोक्यात एकच गाडी आहे, लिस्टर. बऱ्याच जणांनी नाव पण ऐकलं नसेल, कारण आपल्याकडे रेसिंगच्या गप्पा फेरारी, पोर्शे, जॅग्वारच्या पुढे सहसा जातच नाहीत. पण आपण सोलापूरची माणसं, कारखान्यात आणि वर्कशॉपमध्ये वाढलेली, आपल्याला ही गोष्ट बाकीच्यांपेक्षा जास्त भिडेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून लांबलं तरी सगळं लिहिते.

इंग्लंडमधल्या केंब्रिजला जॉर्ज लिस्टर अँड सन्स म्हणून एक वर्कशॉप होतं, १८९० पासूनचं. लोखंडी कामं, जनरल इंजिनिअरिंग, असलं सगळं. त्या घरातला नातू ब्रायन लिस्टर, त्याला दोन नाद, एक जॅझचे ड्रम वाजवायचा आणि दुसरा गाड्या पळवायचा. तो स्वतः रेस करायचा, पण त्याला भेटला आर्ची स्कॉट ब्राउन, आणि हा आपल्यापेक्षा फास्ट आहे हे बघितल्यावर ब्रायनने चक्क स्वतःची सीट त्याला देऊन टाकली आणि आपण गाडी बनवायच्या मागे लागला. घरच्या धंद्याच्या आधाराने १९५४ ला लिस्टर मोटर कंपनी सुरू झाली. पाइपची चासी (गाडीचा सांगाडा), आधी एमजीचं इंजिन, मग ब्रिस्टलचं दोन लिटरचं.

आता या आर्चीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण माझ्यासाठी लिस्टर म्हणजे अर्धी गाडी आणि अर्धा हा माणूस. आई गरोदर असताना तिला रुबेला झाला होता, त्यामुळे याचा उजवा हात कोपराच्या थोडा खालीच संपलेला, धड पंजाच नाही, आणि पाय पण जन्मतः अधू, लहानपणी ऑपरेशनवर ऑपरेशन. उंची कशीबशी पाच फूट. आणि हा माणूस स्टिअरिंग उजव्या हाताच्या टोकाने आवरून धरायचा आणि डाव्या हाताने गिअर टाकायचा, ते पण १९५० च्या दशकातल्या गाडीत, जिथे पॉवर स्टिअरिंग नाही, सीट बेल्ट नाही, टायर बारीक. १९५४ मध्येच कुणीतरी आक्षेप घेतला आणि त्याचं लायसन काढून घेतलं, एका हाताचा माणूस रेस कशी करणार म्हणून. बाकीचे लोक त्याच्या बाजूने उभे राहिले आणि लायसन परत मिळालं. १९५६ ला तर तो सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रांप्री पण पळाला, कॉनॉट नावाच्या गाडीतून. त्या काळचे फोटो बघा, गाडी आडवी घसरतेय आणि हा त्यात शांत बसलाय. मला तर प्रत्येक वेळी भरून येतं.

१९५७ ला लिस्टरमध्ये जॅग्वारचं ३.४ लिटरचं एक्सके इंजिन बसवलं. जॅग्वारने स्वतः १९५६ च्या शेवटी फॅक्टरीची रेसिंग टीम बंद केली होती, पण ते इंजिन म्हणजे साधं इंजिन नव्हतं, १९५१ ते १९५७ मध्ये पाच वेळा ल मॉंची २४ तासांची रेस जिंकलेलं, सहा सिलिंडर ओळीत आणि वर डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे. (कॅमशाफ्ट म्हटलं की सोलापूरकराने मान वर केलीच पाहिजे, आपल्या सोलापूरच्या प्रिसिजन कंपनीचे कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत जातात, ही आपल्या गावाची केवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण ती किती कमी सांगतो!) त्या वर्षी आर्चीने ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी जिंकली. एवढ्याशा वर्कशॉपने मोठमोठ्यांना मागे टाकलं. १९५८ ला नवी बॉडी आली, इंजिनवरून आणि चाकांवरून पत्रा उंच फुगलेला, मध्ये एकदम खाली, त्यावरून तिला नॉबली (म्हणजे उंचवट्यांची) म्हणायला लागले. माझ्या मते यापेक्षा देखणी रेसिंग गाडी झालीच नाही.

मे १९५८, बेल्जियममधलं स्पा. पावसाने रस्ता ओला, आर्चीची गाडी घसरून उलटली, पेटली, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ३१. ब्रायनने तरी काम चालू ठेवलं, १९५९ ला फ्रँक कॉस्टिनकडून नवीन बॉडी करून घेतली, पण त्या वर्षी आणखी ओळखीचे ड्रायव्हर गेले आणि इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेल्या नव्या गाड्या आल्या, मग त्याने रेसिंगमधून हात काढून घेतला. नंतर १९८० च्या दशकात लॉरेन्स पिअर्सने हे नाव घेऊन लिस्टर स्टॉर्म बनवली, सात लिटरचं व्ही-१२, २००० साली तिने एफआयए जीटी चॅम्पियनशिप पण जिंकली. मग परत सगळं थंड.

आणि २०१३ ला अँड्र्यू आणि लॉरेन्स व्हिटेकर या बापलेकांनी लिस्टर विकत घेतली. यांचा धंदा काय तर जुन्या गाड्यांची वॉरंटी विकायचा, गाव लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न. ब्लॅकबर्न म्हणजे कापडाचंच गाव बरं का! आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, त्या काळात आपल्या देशातल्या गिरण्यांना मशिनरी यायची ती लँकेशायरच्या भागातूनच. तिकडच्या गिरण्या पण बंद पडल्या, इकडच्या पण.

मला या बापलेकांचं सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? नाव हातात आलं म्हणून त्यांनी दुसऱ्याच कुठल्या गाडीवर लिस्टरचा हिरवा-पिवळा बिल्ला चिकटवून सुरुवात केली नाही. पहिलं काम नॉबलीचंच. ब्रायनच्या मूळ कंपनीतलं जे उरलं होतं ते गोळा केलं, मूळ ड्रॉइंग्ज, चासी जोडायचे जिग, आणि ज्याच्यावर पत्रा बसवून बघतात ते बॉडीचे फर्मे. कंपनीला ६० वर्षं झाली तेव्हा, २०१४ ला, १० नॉबली नव्याने बनवायचं जाहीर केलं. ब्रायन लिस्टर तेव्हा हयात होते, डिसेंबर २०१४ मध्ये ८८ व्या वर्षी गेले. आपण तरुणपणी काढलेल्या ड्रॉइंगवरून परत गाडी बनतेय हे त्या माणसाला जिवंतपणी बघायला मिळालं, याचा मला फार आनंद आहे. पुढे २०१६ ला रेसर स्टर्लिंग मॉसच्या नावाने आणखी १०, मॅग्नेशियमच्या बॉडीच्या, किंमत १० लाख पौंड प्रत्येकी. नंतर जॅग्वार एफ-टाइपवर बेतलेली ६६६ हॉर्सपॉवरची थंडर पण काढली, ती चांगली असेल, पण माझा जीव तिच्यात अडकत नाही, खरं सांगते.

आता ड्रॉइंग असणं आणि नसणं यात काय फरक पडतो ते आमच्या वर्कशॉपमध्ये रोज दिसतं. आमचं काम पॉवरलूमच्या पार्टचं, पूर्व भागातले कारखानदार गोणीत तुटलेला गिअर घेऊन येतात, म्हणतात असाच करून द्या. पप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं, नवीन असताना कसा होता ते सांगा. कारण घासलेल्या पार्टवरून माप घेतलं तर तुम्ही त्याची झीज पण कॉपी करता, आणि त्या कॉपीवरून पुढे कॉपी झाली की दातांचा मूळ आकार काय होता हे कुणालाच सांगता येत नाही. ड्रॉइंग असलं की माप कळतं, मापात किती फरक चालेल ते कळतं, मटेरियल कोणतं, कुठे हार्ड करायचं, सगळं. पॅटर्नचं, म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा करतात त्या नमुन्याचं, पण तसंच, ओतलेलं बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा केलेला असतो, तो हिशोब माहीत नसलेल्या माणसाने पॅटर्नवरून माप घेतलं तर पार्ट बसणारच नाही. हे सगळं कागदावर आणि माणसाच्या हातात असतं, कंपनीच्या नावात नसतं.

चादरीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत की. सोलापुरी चादर म्हणून बाहेरचा माल सगळीकडे विकला जातो, नाव आपलं, वजन नाही, वीण नाही, दोन धुण्यात रंग गेला. जीआय, म्हणजे त्या गावच्याच मालाला ते नाव वापरायचा हक्क, मिळालाय तरी. आणि ज्यांच्याकडे जॅकार्डची जुनी पंचिंग कार्डं (ज्यांच्या भोकांवरून माग नक्षी विणतो ती) होती त्यांनी जागा अडते म्हणून ती रद्दीत घातली, त्या डिझाइन आता कोण काढणार? व्हिटेकरांना लिस्टर करता आली कारण केंब्रिजमध्ये कुणीतरी ती कागदं आणि ते फर्मे इतकी वर्षं टाकून दिले नाहीत. त्या माणसांची नावं कुठे छापून येत नाहीत, पण माझ्या हिशोबाने निम्मं श्रेय त्यांचं.

म्हणून एक विनंती आहे. कुणाच्या घरी, माळ्यावर, बंद पडलेल्या कारखान्यात लूमची, मिलच्या मशिनरीची, फौंड्रीची ड्रॉइंग्ज, ट्रेसिंग, लाकडी पॅटर्न, पंचिंग कार्डं असतील तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी आमच्याकडे एकदा दाखवायला आणा. मी कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं, काम करतेच, मोठा स्कॅनर पण ओळखीतून मिळतोय, ड्रॉइंग स्कॅन करून मूळ कागद तुम्हाला परत देईन, पैसे काही नकोत. कागद पिवळा पडलाय, फाटलाय, अर्धाच आहे, तरी चालेल, फक्त घडी परत उलगडू नका, तसाच आणा, पप्पा बघतील. आणि ते मशीन कुणी चालवायचं, कुणी रिपेअर करायचं हे माहीत असेल तर त्यांना पण सोबत घेऊन या, चहा आमच्याकडे.