आप्पांची स्मृती आणि एलजीआय-वन नावाची अँटिबॉडी

स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. आमचे आप्पा दिवाळीत अगदी ठणठणीत होते आणि संक्रांत येईपर्यंत स्वतःच्याच घरात न्हाणीघर शोधू लागले होते. वय 67. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले, किराण्याच्या बिलातली एका रुपयाची चूकही पकडणारे. ते एकाच सकाळी दूधवाल्याला दोनदा पैसे द्यायला निघायचे आणि आईला विचारायचे, "अगं, आज पगार झाला का?"

वय झालं की व्हायचंच, असं नातेवाईक म्हणत होते. आईला ते अजिबात पटत नव्हतं. "दोन महिन्यांत माणूस असा होत नाही रे," ती फोनवर सांगायची. पुढे न्यूरोलॉजिस्टनी सगळ्यात आधी हेच विचारलं, की हे किती दिवसांत झालं?

त्याच सुमारास झटके सुरू झाले. चहाचा कप उचलला की उजवा हात एकदम आखडायचा, तोंडाची उजवी बाजू ओढली जायची आणि दोन सेकंदांत सगळं पूर्ववत. कप तेवढा खाली पडलेला असायचा. शुद्ध हरपायची नाही, तोंडाला फेस यायचा नाही, त्यामुळे याला कुणी फिट म्हणेना. दिवसभरात हे इतक्या वेळा व्हायचं की आईनं त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली. गावातल्या डॉक्टरांना रक्तातलं सोडियम 124 सापडलं; ते 135 ते 145 असावं लागतं. पाणी मोजून, मीठ वाढवून ते वर आणलं की पुन्हा उतरायचं. एका ठिकाणी एमआरआय पाहून वयोमानानं मेंदू थोडा आकसलाय असं सांगितलं गेलं आणि डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, गोळ्या सुरू झाल्या.

पुण्यात ज्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांना धाकट्या भावानं मोबाइलवर जेवताना घेतलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग सोडियमचे जुने रिपोर्ट मागितले आणि म्हणाल्या, "झटके, सोडियम आणि इतक्या झपाट्यानं गेलेली स्मृती, हे तिन्ही एकत्र आलंय. आपण एलजीआय-वन अँटिबॉडी बघू."

एलजीआय-वन हे मेंदूतलं एक प्रथिन. दोन चेतापेशी जिथं एकमेकींशी बोलतात तिथल्या फटीत ते असतं आणि दोन्हीकडच्या प्रथिनांना साकवासारखं जोडून ठेवतं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागली की ती जोडणी सुटते आणि पेशी नको तितक्या उत्तेजित होतात. नव्या आठवणी जिथं घडतात त्या हिप्पोकॅम्पसला सर्वांत जास्त फटका बसतो. ही अँटिबॉडी नेमकी याच प्रथिनाविरुद्ध असते, हे 2010 मध्ये उघड झालं. त्याआधी पोटॅशियम चॅनेलवर, म्हणजे चेतापेशीतून पोटॅशियमची ये-जा होते त्या वाटेवर, संशय होता. हा आजार बहुतेक पन्नाशीनंतर होतो आणि पुरुषांत जास्त दिसतो, म्हणूनच तो म्हातारपणाच्या खात्यात सहज जमा होतो.

रक्त आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी, दोन्ही तपासायला गेलं. एलजीआय-वन रक्तात जास्त खात्रीनं सापडते, तर तिच्याच जातकुळीतली, मेंदूतल्या दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धची एनएमडीए रिसेप्टरची अँटिबॉडी मणक्यातल्या पाण्यात. पाण्यात जंतुसंसर्ग नाही हे दिसल्यावर मॅडमनी अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट पाहिली नाही. "झटके आहेत तोवरच उपचार सुरू झाले तर स्मृती जास्त वाचते," त्या म्हणाल्या. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 1 ग्रॅम, पाच दिवस, सलाइनमधून.

ते दिवस कठीण होते. आप्पांना मधुमेह आहे. साखर चारशेच्या वर गेली आणि इन्सुलिन लावावं लागलं. रात्री झोप नाही. पलंगाच्या कठड्याला धरून ते जुन्या ऑफिसातल्या कुणाला तरी व्हाउचर आणायला सांगत राहायचे आणि आई "हो, आणतायत" म्हणत पाठीवरून हात फिरवत बसायची. पण त्याच आठवड्यात झटके विरळ होत होत थांबले. झटक्यांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते स्टिरॉइडनं झालं. मग रिपोर्ट आला, एलजीआय-वन पॉझिटिव्ह. हा रिपोर्ट आला याचा आनंद झाला होता, हे आजही स्पष्ट आठवतं.

पुढचा उपचार इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचा; त्या वेळी मेडिक्लेमनं अडवलं. वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या आप्पांना 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. डिमेन्शियाला हे औषध कशाला, असं कंपनीनं विचारलं, कारण भरतीच्या कागदावर डिमेन्शिया लिहिलेलं होतं. मॅडमनी 'ऑटोइम्यून एन्सेफलायटिस' (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला आलेली सूज) असं निदान लिहून, रिपोर्ट जोडून पत्र दिलं, तेव्हा मंजुरी आली. कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर कागदावर काय निदान लिहिलंय ते पहिल्याच दिवशी वाचा. अशा आजारांमागे कधीकधी शरीरात लपलेली कॅन्सरची गाठ असते; ती कुठं नाही ना, म्हणून पेट (PET) स्कॅनही झाला. या अँटिबॉडीत गाठ क्वचितच निघते, आप्पांचीही नाही निघाली.

हे कळल्यापासून ओळखीतले लोक फोन करतात. एकीच्या आईची स्मृती पाच-सहा वर्षं हळूहळू जातेय आणि रक्तात थायरॉइडच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या होत्या. तिला वाटलं, स्टिरॉइडनं आई बरी होईल. तिच्या डॉक्टरांनी नकार दिला आणि मला तो योग्य वाटतो. थायरॉइडच्या अँटिबॉडी धडधाकट माणसांतही बऱ्याचदा सापडतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं मेंदूत साचत जातात, त्यावर स्टिरॉइडचा उपयोग नाही. उलट साखर, हाडं, झोप, सगळंच बिघडतं. फोनवर तिचा आवाज पडला तेव्हा मला फार वाईट वाटलं. तरी खोटी आशा मी देणार नाही. ज्यांच्या घरी काही आठवड्यांत सगळं बदललं असेल, त्यांना मात्र मी आग्रहानं सांगतो: सोडियमचे रिपोर्ट आणि झटक्याचा व्हिडिओ घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि अँटिबॉडीचं थेट विचारा.

आप्पा आता पुन्हा किराण्याची बिलं तपासतात. त्या हिवाळ्यातलं त्यांना काहीच आठवत नाही, आणि ते परत येणार नाही असं मॅडमनी सांगितलंय. नवीन माणसांची नावं राहत नाहीत, म्हणून वहीत लिहून ठेवतात. स्टिरॉइडची गोळी हळूहळू कमी होतेय. आजार उलटू शकतो, त्यामुळे सोडियम नियमानं तपासतो, आणि जेवताना आईची नजर अजूनही त्यांच्या उजव्या हातावर असते.