बार्बेल बंद, चब चालू

इंग्लंडमधल्या आमच्या मासेमारी क्लबच्या फाटकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक कागद अडकवलाय. नदीचं पाणी उतरलंय आणि तापलंय, म्हणून पुढची सूचना येईपर्यंत बार्बेल या माशाची मासेमारी बंद. चब, रोच, डेस हे बाकीचे मासे धरायला हरकत नाही. चुकून बार्बेल लागलाच, तर तो पाण्याबाहेर काढू नये, वजन करू नये, फोटो काढत बसू नये.

मी भडकलो. क्लबची वर्षाची वर्गणी भरली आहे. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, गळाचा परवाना वेगळा, तो नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. १५ मार्च ते १५ जून नदीवर गळ टाकायला कायद्यानंच बंदी, म्हणजे तो काळ गेला. १६ जूनपासून हंगाम सुरू, आणि जुलैत ऊन पडलं की हा कागद. बरं, मासा कुणी घरी नेणार आहे का? तो परत पाण्यातच सोडायचा असतो. मग अडचण कसली?

इथपर्यंत वाचलेल्यांपैकी निम्म्यांच्या मनात आता आईचाच प्रश्न आला असणार. ती दर रविवारी फोनवर विचारते, "अरे, सोडायचाच तर धरतोस कशाला? एवढे पैसे भरायचे, दिवसभर उन्हात बसायचं आणि घरी यायचं हात हलवत. आपल्याकडे असलं गरवणं कोण वेड्यानंसुद्धा केलं नसतं." मी तिला नियम सांगतो. नदीतून दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा छोटे मासे नेता येतात, त्याहून मोठा बार्बेल किंवा चब नेता येत नाही. शिवाय चबमध्ये काटेच काटे, आणि बार्बेलची गाबोळी विषारी, खाल्ली तर उलट्या-जुलाब. गाबोळी विषारी म्हटल्यावर आईचा या देशातला उरलासुरला रस संपला.

आमची नदी केनेट. मार्लबरो, हंगरफर्ड, न्यूबरी असं करत रेडिंगला थेम्सला मिळते. वरचे डोंगर खडूच्या दगडाचे. पाऊस त्यात मुरतो आणि झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो, त्यामुळे पाणी नितळ. संगमेश्वराकडे आमची शास्त्री जूनमध्ये तांबडी होऊन धावते. इथं जुलैत तळाचा एकेक खडा दिसतो. पाणी कुठं गुडघाभर, कुठं कमरेएवढं. मध्ये हिरव्या पाणवनस्पतींचे लांबच लांब झुपके प्रवाहात हलत असतात. आपल्याला मासा दिसतो याचा आनंद फार वेळ टिकत नाही, कारण माशालाही आपण दिसतो.

हे मला एका निवृत्त पोस्टमन आजोबांनी दाखवलं. पहिल्या दिवशी मी काठावर उभा राहून पाण्यात डोकावत होतो. त्यांनी लांबूनच हातानं खूण केली, बस खाली. ते स्वतः गुडघ्यांवर रांगत येतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मळकट हिरवा शर्ट, डोक्यावर टोपी, पाण्यावरची चकाकी कापणारा काळा चष्मा. पाठीमागे झाड असेल तिथंच बसतात, म्हणजे आभाळासमोर आकृती उठत नाही. सूर्य पाठीशी असेल तर सावली कुठं पडते ते आधी बघतात, मग पुढे सरकतात.

चबची गंमत त्यांच्याकडूनच शिकलो. वाकलेल्या विलोच्या फांदीखाली सावलीत तीन-चार काळपट पाठी दिसतात. वरून पावाचा कडक तुकडा सोडायचा, गळाशिवाय. तो वाहत सावलीत शिरतो. एक चब खालून सावकाश वर येतो, जाड पांढरट ओठ पावाला टेकवतो आणि बहुतेक वेळा तसाच मागे जातो. दुसरा तुकडा, तिसरा तुकडा. मग कधीतरी पाण्यावर एक मोठी चूळ भरल्यासारखा आवाज होतो आणि पाव गायब. त्यानंतर गळ लावलेला तुकडा. संधी एकच. चुकलं तर त्या झाडाखाली संध्याकाळपर्यंत काही नाही, पुढच्या झाडाकडे रांगायचं. पाव नसेल तर गोगलगाय, म्हणजे शंख नसलेली ती काळी बुळबुळीत. चब सगळं खातो, चीज, बोरं, नाकतोडे, छोटे मासेसुद्धा. तोंडात दात दिसत नाहीत म्हणून कुणी बोट घालू नये, दात घशात असतात.

बार्बेल वेगळा. तळाशी राहणारा, सोनेरी-तपकिरी, लांबट, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाला चार मिशा. आपल्या खडशीचा, म्हणजे महसीरचा, हा नात्यातलाच. दोघांचं कूळ एक, मिशा चार-चार, गळाला लागल्यावरचा हट्टही तोच. त्याच्यासाठी आमिष म्हणजे भांगेचं बी. हो, भांगेचंच. इथं गळाच्या दुकानात पोत्यानं मिळतं. रात्रभर भिजवायचं, फुटून आतला पांढरा कोंब दिसेपर्यंत उकळायचं. माझ्या स्वयंपाकघरात त्याचा वास आठवडाभर जात नाही, आणि बायकोचं मत मी इथं लिहीत नाही. हे बी तळाशी सोडायचं आणि तासभर गळच टाकायचा नाही. नुसतं बघायचं. हळूहळू झुपक्याखालून एक मासा येतो, मग दुसरा. बी टिपता टिपता एखादा कुशीवर वळतो आणि खड्यांवर सोनेरी अंग चमकून जातं. ते दिसायला लागलं की समजायचं, यांची भीती गेली. तरी दिवसा घाई नाही. ऊन उतरून पाण्यावर अंधार यायला लागला की खरी वेळ.

तो कागद लागण्याच्या थोडं आधी अशाच एका संध्याकाळी आजोबांना बार्बेल लागला. रीळ किरकिरलं, मासा सरळ झुपक्यात शिरला, त्यांनी बाहेर ओढला, तो पुन्हा शिरला. शेवटी जाळीत आला. मला वाटलं, संपलं. पण खरी गोष्ट तिथून सुरू झाली.

जाळी पाण्यातच ठेवून त्यांनी गळ काढला. गळाच्या टोकाला अडकून राहणारा उलटा काटा नव्हता, बोटानं निघाला. मग ते पायातल्या बुटांसकट पाण्यात उतरून बसले आणि मासा दोन्ही हातांत धरला, एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, तोंड प्रवाहाकडे. मासा कलायला लागला की सरळ करायचे. नवजात बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या सुईणीसारखे. कल्ले आधी भराभर उघडत होते, मग संथ झाले. मला वाटलं आता सोडतील. नाही सोडला. त्यांनी हात थोडा सैल केला, मासा पुन्हा एका अंगावर झुकला, पुन्हा धरला. डास चावत होते. अंधार पडला. मी बॅटरी लावली तर त्यांनी ती बंद करायला सांगितली. पकडायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ सोडायला लागला. अखेर माशानं स्वतः शेपटी मारून त्यांचा हात झिडकारला आणि गेला. आजोबा उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, कारण गुडघे आखडले होते.

कारण त्यांनी नंतर सांगितलं. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पाणी उतरलं की प्रवाह मंद, खळाळ नाही, म्हणजे हवा मिसळायलाही जागा नाही. रात्री पाणवनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट वापरतात, त्यामुळे पहाटेचा मासा सगळ्यात थकलेला. आणि बार्बेल दम संपेपर्यंत झुंजतो, मध्ये हार मानत नाही. त्याला लगेच सोडलं तर तो दिसायला पोहत जातो, पण पुढच्या वळणावर उताणा पडून मरतो. आपल्याला कळतही नाही. चब त्या मानानं लवकर शरण येतो, लवकर सावरतो. म्हणून बार्बेल बंद, चब चालू.

पटलं. पटलं तरी राग गेला नाही, तो दुसरीकडे वळला. एका माशासाठी बूट भिजवून बसणारा हा देश नदीशी काय करतो? २०२३ साली एकट्या इंग्लंडमध्ये पावसाळी सांडव्यांतून, म्हणजे जोराच्या पावसात गटारांचं जादा पाणी सोडायच्या वाटांतून, सुमारे ३६ लाख तास सांडपाणी नद्यांत आणि समुद्रात सोडलं गेलं. आकडा माझा नाही, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा आहे. वेल्स-इंग्लंडच्या सीमेवरच्या वाय नदीच्या खोऱ्यात सुमारे दोन कोटी कोंबड्या पाळल्या जातात, त्यांच्या खताचा फॉस्फेट नदीत उतरतो आणि उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं. म्हणजे माशाचा फोटो काढायला मनाई, आणि माशाच्या तोंडात काय जातं त्याला सवलत. शिवाय नदीला मालक! इथं काठ ज्याचा, त्याची साधारण मध्यापर्यंत मासेमारी. समोरच्या काठाचा क्लब वेगळा, वर्गणी वेगळी. शास्त्रीच्या काठावर मला आजवर कुणी पावती मागितलेली नाही. (तलाव आणि धरणं सोसायट्यांना ठेक्यानं दिलेली असतात हे मला माहीत आहे. मी नदीबद्दल बोलतोय.)

पण मग हेही सांगायला हवं की हीच वर्गणी भरणारी माणसं कोर्टात जातात. यॉर्कशायरमधल्या पिकरिंगच्या मासेमारी संस्थेनं आपल्या कॉस्टा बेक या ओढ्यासाठी सरकारवर दावा लावला आणि २०२३ मध्ये हायकोर्टात जिंकला. सरकार अपिलात गेलं, तिथंही हरलं. ओढ्यासाठी, हं. आपल्याकडे पंचगंगेत मेलेल्या माशांचा थर तरंगतो, आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो, तेव्हा व्हिडिओ सगळे काढतात. दावा कोण लावतो? लावणारे आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्यामागे गावची गळवाली मंडळी उभी असतात असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आजोबांनी एकदा विचारलं, तुमच्याकडे बंद हंगाम असतो का? मी छाती फुगवून सांगितलं, समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर मग होड्या बाहेर. त्यांना ते फार आवडलं. मग महाडजवळच्या वाळणकोंडीचं सांगितलं. काळ नदीतला डोह, वरदायिनी देवीचा, तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही. बोर्ड नको, दंड नको, देवीचा धाक पुरतो. आणि लोणावळ्याला वळवणमध्ये टाटा पॉवर गेली कित्येक वर्षं महसीरची पिल्लं तयार करतं, तेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले की सेव्हर्न नदीत आज जे बार्बेल आहेत त्यांचं मूळ याच केनेटमधलं, १९५६ साली इथून नेऊन तिकडे सोडले, आणि आता केनेटमध्येच बघायला रांगावं लागतं.

चढणीच्या माशांबद्दल मात्र मी बोललो नाही. पहिल्या पावसात नदी फुगली की पोटात अंडी घेऊन मासे ओढ्यांत, शेतांत वर चढतात, आणि आमचे काका पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन रात्री तिथंच उभे असतात. गाव जागं असतं. नेमका अंडी घालण्याचा काळ, ज्यासाठी इथं तीन महिने गळ बंद. ते या म्हाताऱ्याला काय समजावणार? वर्षातून एकदा घरात वाम, शिंगटी येते, ती विकत नाही, शेजारी वाटतो. एका गावाच्या पागानं नदी ओस पडत नाही. आमच्या नद्या ओस पडल्या त्या ब्लिचिंग पावडर ओतणाऱ्यांनी, जिलेटिनच्या कांड्या फोडणाऱ्यांनी आणि वाळू उपसणाऱ्यांनी. काकांच्या पागाला त्यात धरू नये, असं माझं मत आहे आणि ते मी इथं बसून बदलणार नाही.

सध्या चबवर भागवतोय. पण पाव असो की मांस, तळाला टेकलं की क्रेफिश येऊन कुरतडतात. गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच म्हणा, नांग्यांसकट. सिग्नल क्रेफिश, मूळचा अमेरिकेतला. १९७० च्या दशकात खाण्यासाठी शेती करायला आणला, सुटला, इथल्या मूळ क्रेफिशला रोग देऊन संपवत आणला, काठ पोखरले. हा सापडला तर पाण्यात परत सोडणं हाच गुन्हा. एका देशात दोन कायदे बघा. फक्त पिंजरा लावायला एजन्सीची परवानगी लागते आणि काठाच्या मालकाचीही. आईला हे सांगितल्यापासून बार्बेलची चौकशी बंद झाली आहे. आता दर रविवारी विचारते, अर्जाचं काय झालं, आणि तिकडे ओलं खोबरं मिळतं ना?