जहाजाच्या मॉडेलचा स्टँड: आधी कील, मग फळ्या (माझा अनुभव)

लाकडी जहाजाचं किट उघडलं की स्टँडचं चित्र बहुधा सूचनांच्या शेवटच्या पानावर सापडतं. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोरकाम झालं, वॉर्निश वाळलं, आणि मग एक ओळ: आता जहाज स्टँडवर बसवा. या क्रमाची मला मनापासून चीड आहे. स्टँडचं खरं काम जहाजाच्या तळकण्यात, म्हणजे कीलमध्ये असतं. फळ्या मारून हल (जहाजाचं बाहेरचं कवच) बंद झाला की तिथपर्यंत आतून बोटही पोचत नाही. भोकाची जागा, नट, नटाला धरून ठेवणारे ठोकळे हे सगळं फळ्यांच्या आधीचं काम आहे आणि ते पहिल्या पानावर यायला हवं.

अडतं कुठे ते सांगतो. किटमधली कील बरेचदा ५ मिमी प्लायवूडची असते. तिच्यात खालून ३ मिमीचं भोक पाडलं की दोन्ही बाजूंना जेमतेम १ मिमी लाकूड उरतं. तिथे लाकडाचा स्क्रू पिळला की तो पाचरीसारखा थरांत घुसतो आणि प्लाय फाकतं. बाहेरून काहीच कळत नाही, पण पुढे केव्हातरी स्क्रू ढिला होतो आणि जहाज एका अंगाला कलतं. म्हणून कीलमध्ये लाकडाचा स्क्रू नकोच. एम३ चा (३ मिमी व्यासाचा) मशीन बोल्ट आणि आत कायमचा पुरलेला नट, यावरच माझा भरवसा आहे. बोल्ट पाटाच्या, म्हणजे स्टँडच्या तळफळीच्या खालून शिरतो, खांबातून वर जातो आणि कीलमधल्या नटात फिरतो.

कील सुटी, सपाट टेबलावर असतानाच जागा ठरवावी. लांबीचे चार भाग करून पहिल्या आणि तिसऱ्या खुणेपाशी एकेक खांब. मात्र नट दोन बल्कहेडच्या (कीलवर आडव्या बसणाऱ्या, हलला आकार देणाऱ्या पाट्यांच्या) मधल्या मोकळ्या जागेत यायला हवा, त्यासाठी खूण थोडी सरकवली तरी चालते. कीलच्या तळापासून १२ मिमी वर नटासाठी आरपार खाच कापायची. एम३ नट २.४ मिमी जाड आणि सपाट बाजूंमध्ये ५.५ मिमी असतो, म्हणजे ५ मिमीच्या कीलबाहेर तो दोन्हीकडे केसभर डोकावतो. हेच आपल्या फायद्याचं आहे. कीलच्या दोन्ही अंगांना कठीण लाकडाचे ८ मिमी जाड, २० मिमी लांब ठोकळे एपॉक्सीने चिकटवायचे आणि त्यांत नटापुरता उथळ खळगा करायचा. नटाच्या सपाट बाजू त्या खळग्यात टेकल्या की नट जागचा फिरत नाही. ठोकळ्यांच्या खालच्या कडा आधीच तिरप्या तासाव्यात, नाहीतर पहिल्या फळीला त्या आडव्या येतात.

चिकटवताना बोल्टला ग्रीस लावून तो नटात फिरवलेलाच ठेवायचा. आट्यांत एपॉक्सी शिरत नाही आणि नट भोकाच्या रेषेतच पक्का होतो. नटाच्या वर ५ मिमी भोक रिकामं सोडायचं. ही जागा नसेल तर बोल्टचं टोक वर लाकडाला टेकतं. आपल्याला वाटतं बोल्ट आवळला गेला, प्रत्यक्षात खांब सैलच असतो. आणखी जोर लावला तर नट उखडतो.

भोक मधोमध पाडण्यासाठी मार्किंग गेजने (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढणारं हत्यार) कीलच्या तळाच्या कडेवर दोन्ही बाजूंनी एकेक रेघ ओढावी. रेघा जुळल्या नाहीत तर त्यांच्या बरोबर मधे केंद्र. आधी १ मिमी, मग २, मग ३.२ मिमीचं बिट, आणि बाजूला गुण्या उभा.

हल आधीच बंद असेल तर खांबांचा हट्ट सोडून क्रेडल, म्हणजे हलच्या आकाराच्या खाचा असलेला पाळणा करावा. नकाशातल्या बल्कहेडचा आकार तसाच कापून चालत नाही, कारण तो फळ्यांच्या आतला असतो. १.५ आणि ०.५ मिमीच्या दोन थरांत फळ्या असतील तर बाहेरून २ मिमी, शिवाय अस्तराच्या फेल्टचं १ मिमी, अशी खाच ३ मिमीने मोठी हवी. वजन कीलने घ्यावं, बाजूंनी फक्त तोल सांभाळावा. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला १९२२ पासून ड्राय डॉकमध्ये (कोरड्या गोदीत) असलेल्या ‘व्हिक्टरी’ या खऱ्या जहाजाचं लाकूडही मोजक्या आधारांवर भार एकवटल्याने वाकत गेलं आणि आधारांची व्यवस्थाच बदलावी लागली. मॉडेल घसरू नये म्हणून क्रेडलच्या आडव्या पट्टीत १.५ मिमीच्या दोन पितळी पिना आणि कीलमध्ये त्यांच्यापुरती भोकं पुरतात.

बोल्टची लांबी अंदाजाने घेऊ नये. पाट १८ मिमी, त्यात डोक्यासाठी खालून ६ मिमी खोल खाच, म्हणजे उरले १२. खांब ३०, कील १२, नट २.४, वॉशर ०.५. बेरीज ५६.९, म्हणून ६० मिमीचा बोल्ट. तो नटाच्या वर ३ मिमी जातो आणि ५ मिमीच्या रिकाम्या जागेत मावतो. बोटांनी घट्ट झाल्यावर पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

खांब समान उंचीचे घेण्याआधी जलरेषा (पाणी हलला जिथपर्यंत टेकतं ती रेघ) तपासावी. कित्येक जुन्या जहाजांची कील मागे जास्त खोल असते. ४०० मिमीच्या कीलला ६ मिमी उतार असेल आणि खांबांत २०० मिमी अंतर असेल तर पुढचा खांब ३ मिमी उंच हवा. तरच जलरेषा पाटाला समांतर दिसते. खांबाची खाच कीलपेक्षा रुंद असेल तर पातळ चामड्याची पट्टी घालावी. मऊ पीव्हीसी नको, त्यातलं प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) रंगाला चिकटतं आणि डाग सोडतं.

पाटाबद्दल एकच आग्रह: दोन्ही बाजूंना सारखंच वॉर्निश. एकच बाजू बंद केली तर पाट वाकतो आणि सगळा ताण बोल्टवर येतो. मॉडेलवर शिशाच्या तोफा किंवा नांगर असतील आणि ते बंद काचपेटीत जाणार असेल तर ओकचा पाट टाळा. ओकमधून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून झडतं.

हे सगळं जमलं की पाट धरून जहाज उचलता येतं, हलला हात लागत नाही. मला या कामातलं सगळ्यात मोठं समाधान तेच वाटतं. प्लास्टिकच्या किटलाही हाच क्रम लागू आहे: हलचे दोन अर्धे जोडण्याआधी तळाशी आतून नट एपॉक्सीत बसवा. दोन्ही नट एकाच अर्ध्याच्या ठोकळ्यात ठेवा, म्हणजे जोड उलला तरी आधार हलत नाही.