पोटमाळा नसलेली घरं: आयक्लरच्या वसाहती

कॅलिफोर्नियातल्या सनीवेल, क्युपर्टिनो, पालो आल्टो या पट्ट्यात मराठी कुटुंबं आता बरीच आहेत, आणि घर शोधताना ‘आयक्लर’ हा शब्द कधी ना कधी कानावर पडतोच. आयक्लर म्हणजे जोसेफ आयक्लर या बिल्डरने बांधलेलं घर. रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत आणि वर बुटकं छप्पर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नुसतं गॅरेज वाटतं. दार उघडलं की मात्र डोक्यावर आकाश, म्हणजे मधला चौक, आणि त्याच्या कडेने काचेच्या भिंती. वाडा पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. असा चौक असेल तर घर 1950च्या दशकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं समजावं; त्याआधीच्या आयक्लर घरांत तो नसायचा.

जोसेफ आयक्लर वास्तुरचनाकार नव्हता. सासुरवाडीच्या लोणी-अंड्यांच्या घाऊक धंद्यात त्याची बरीच वर्षं गेली. 1940च्या दशकात तो हिल्सबरोला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटने आखलेल्या बॅझेट हाउसमध्ये भाड्याने राहिला आणि त्या घराने त्याच्यावर मोहिनी घातली. तरी बांधकामात उतरल्यावर त्याची सुरुवातीची घरं साधीच होती. वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲन्शनने त्याला त्यावरून टोकलं, आणि 1950मध्ये सनीवेलला ॲन्शन आणि ॲलन यांच्या आराखड्यांवर काम सुरू झालं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसचे वास्तुरचनाकार ए. क्विन्सी जोन्स आणि फ्रेडरिक एमन्स आले. पालो आल्टोची ग्रीनमेडो वसाहत त्यांची: घरांबरोबर पोहण्याचा तलाव आणि समाजगृहही आराखड्यातच. ॲन्शनच्या कचेरीतला क्लॉड ओकलंड 1960मध्ये स्वतंत्र झाला आणि आयक्लरचं काम त्याच्याकडे गेलं. सगळी मिळून सुमारे 11,000 घरं झाली. स्टीव्ह जॉब्झच्या लहानपणीचं घर आयक्लर होतं असं लोक ठासून सांगतात. ते बहुधा मॅकाय या दुसऱ्या बिल्डरचं होतं. आराखडे त्यालाही ॲन्शन-ॲलनच पुरवत, म्हणून घोटाळा.

आता छताकडे. खांबांवर तुळया, तुळयांवर दोन बाय सहा इंची फळ्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. आतून दिसते ती हीच फळी, आणि वरून डांबर-खडीचा थर बसतो तोही हिच्यावरच. मध्ये पोटमाळा नाही, पोकळी नाही. नावाला दोन इंचांची फळी प्रत्यक्षात जेमतेम दीड इंच भरते. त्यामुळे वर उष्णता रोखणारे कडक फोमचे तक्ते बसवणाऱ्याने हिशोब चुकवला, की दिवाणखान्याच्या छतातून खिळ्यांची टोकं डोकावतात. तक्ता दोन इंचांचा असेल तर स्क्रू तीन इंचांचा: एक इंच लाकडात जातो, अर्धा शिल्लक राहतो. नेहमीच्या घरांची कामं करणाऱ्या छतवाल्याला ही सवय नसते, म्हणून हे करारात लिहून घ्यावं.

अनेक घरांत विजेच्या वायरी याच फळ्यांच्या वरून, डांबराखालून गेलेल्या असतात. जुना थर खरवडताना त्या कापल्या जातात. शहाणा माणूस छत बदलायच्या वेळीच नव्या वायरी टाकून घेतो, कारण पुढची संधी पुढच्या छतालाच. या फळीचा उष्णतारोध (R-मूल्य) दोनच्याही आत. फवारलेल्या फोमचा इंचाला सुमारे सहा. फोम चांगला, पण उन्हाने तो भुसभुशीत होतो, म्हणून वरचा लेप ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो. तुळयांची टोकं छपराबाहेर येतात तिथे अणकुचीदार पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला, तर रंगाखाली लाकूड कुजलंय.

खरं दुखणं जमिनीत असतं. काँक्रीटच्या लादीत नळ्या पुरलेल्या आहेत, त्यांतून गरम पाणी फिरतं आणि पायाखालची जमीन ऊब देते. बऱ्याच घरांत नळ्या तांब्याच्या आहेत. पण कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई झाली आणि काही घरांत लोखंडी घातल्या गेल्या. ओलाव्याने त्या गंजतात. एक छिद्र बुजवलं की दुसरं होतं, म्हणून अशा घरात डागडुजीवर किती खर्चायचं याची मर्यादा आधीच ठरवावी.

विकत घेण्याआधी बॉयलर वेगळा करून नळ्यांत दाब भरावा आणि दाबमापक रात्रभर पाहावं. काटा उतरला तर नळ्यांची एकेक शाखा बंद करून पुन्हा तेच. गळकी शाखा सापडली की उष्णता दाखवणारा कॅमेरा फिरवायचा. गळतीपाशी ऊब पसरट दिसते, आणि तेवढाच चौकोन फोडला की पुरतो.

गालिच्याची खिळेपट्टी किंवा दाराचा रूळ ठोकताना नळी फुटणं हा नेहमीचा अपघात. ठोकण्यापूर्वी हीटिंग चालू करून कॅमेऱ्यात नळ्या पाहून घ्याव्यात आणि खडूने रेषा माराव्यात. जाड गालिचा ऊब खाली कोंडतो, फरशी उत्तम. पण जुन्या नऊ इंची टाइल्स आणि त्यांच्याखालचा काळा गोंद तपासणीशिवाय उखडू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅटही सारखा वरखाली करू नये. लादी तापायला काही तास लागतात.

आयक्लर वर्ण किंवा धर्म न पाहता घरं विकायचा. घरबांधणी करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली नाही, म्हणून 1958मध्ये तो तिथून बाहेर पडला. बुडाला तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या उंच इमारतींच्या पायी. 1967मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. पालो आल्टोतल्या ग्रीनमेडो आणि ग्रीन गेबल्स या त्याच्या वसाहती 2005पासून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. क्युपर्टिनोत फेअरग्रोव्ह या आयक्लर वसाहतीसाठी बांधकामाचे वेगळे नियम आहेत. तिथे मजला चढवायचा विचार असेल तर घर घेण्याआधी नगर कार्यालयात विचारावं.

आणि चौकातलं पावसाचं पाणी वाहून जाण्याचं छिद्र. त्याचा नळ घराखालून बाहेर जातो, आणि चौक घराच्या जमिनीपेक्षा थोडाच खाली असतो. पाचोळ्याने तोंड बंद झालं, की पाणी थेट काचेच्या दाराखालून आत. ऑक्टोबरात, पहिल्या पावसाआधी, बागेचा नळ त्यात सोडून पाहावा: पलीकडे पाणी लगेच आलं नाही, तर प्लंबर तेव्हाच बोलवावा.