तुम्ही विचारलंत म्हणून: नोव्हेंबरात कुठल्या समुद्रावर जावं?

सप्टेंबर उजाडला की हा प्रश्न सुरू होतो. कधी फोनवर, कधी जिन्यात गाठून. ‘नोव्हेंबरात आठ दिवस सुट्टी काढतोय. थंडी नको, समुद्र हवा. कुठे जाऊ?’ मी प्रवास कंपनीत नाही आणि हवामानखात्यातही नाही. बरीच वर्षं शरद सरताना कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर जाते आणि त्यात चार-पाच वेळा चांगलीच फसले आहे, एवढीच माझी पात्रता.

प्रत्येकाला मी उलट एकच विचारते: पाण्यात उतरायचंय, की पाण्याकडे बघत बसायचंय?

लोक वैतागतात. माझा मामेभाऊ तर म्हणाला, ‘ताई, हे काय विचारणं झालं? दोन्ही!’ ऐन उन्हाळ्यात दोन्ही एकाच जागी मिळतं, म्हणून कुणी असा विचार करत नाही. नोव्हेंबरात मात्र बहुतेक ठिकाणी त्यातलं एकच धड मिळतं, आणि दुसऱ्याची आशा धरून गेलेला माणूस सुट्टीभर कुरकुरतो. मी कुरकुरले आहे.

ग्रीसच्या क्रीट बेटावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पाण्यात होते तोवर मजेत होते, पाणी २१-२२ अंशांचं. बाहेर आले की वाऱ्याने दात वाजायचे. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते याच गुणावर. जेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी एका अंशाने तापतं, तेवढ्याच उष्णतेने कोरडी वाळू चार-पाच किलो तापते. शिवाय वाळूचा नुसता वरचा थर तापतो, समुद्राला मात्र वारा आणि लाटा घुसळत राहतात, त्यामुळे ऊब कितीतरी मीटर खोल जाते. म्हणून भूमध्य समुद्रावर ऊन जूनमध्ये सर्वांत जास्त असलं तरी पाणी ऑगस्टच्या सुमाराला सर्वांत उबदार होतं, आणि नोव्हेंबरात ही साठवण पुरती संपलेली नसते. हवेची मात्र संपलेली असते. तापमानाचे आकडे बघताना बहुतेक जण हवेचा आकडा बघतात आणि तोही दुपारचा. पाण्याचा आकडा वेगळा शोधावा लागतो. माझ्यासारख्या अंगाने काटकुळ्या माणसाला २४ अंशांखालचं पाणी गारच. तुमचा आकडा तुम्ही ठरवा, पण तो ठरवून मगच ठिकाण शोधा.

क्रीटला दुसरी गोष्ट घडली ती उजेडाची. सव्वापाचला सूर्य मावळला. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, हे मला पाठ होतं, पण त्या तासाची किंमत तिथे बसून कळली. विमानांचं हिवाळी वेळापत्रकही त्याच रविवारी सुरू होतं. मग बेटाबेटांतल्या बोटी कमी होतात आणि ऋतूपुरती चालणारी हॉटेलं एकामागून एक कुलूप लावतात. मी होते ते हॉटेल उघडं होतं, म्हणजे दार उघडं होतं. किनाऱ्यावरच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या. ज्या बोटीने शेजारच्या बेटावर जायचं होतं, तिची शेवटची फेरी मी पोहोचायच्या चार दिवस आधी झालेली. पोहण्याचा तलाव होता, फोटोत दिसत होता तसाच निळा, पण दुपारी दोननंतर हॉटेलचीच सावली त्याच्यावर.

या सावलीचा हिशेब आधी करता येतो, आणि मला वाटतं नोव्हेंबरच्या बेतातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. क्रीट साधारण ३५ अक्षांशावर आहे. २० नोव्हेंबरच्या आसपास तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३५ अंशच वर येतो, आणि दिवस सव्वादहा तासांच्या आत-बाहेर असतो. १० अक्षांशावर तोच दिवस साडेअकरा तासांच्या वर जातो. उत्तर गोलार्धात या दिवसांत सूर्य दक्षिणेकडूनच प्रवास करतो, तेव्हा उत्तरेकडे तोंड करून असलेल्या खोलीत दिवसभर ऊन येत नाही. ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणून जास्त पैसे मोजलेत आणि समुद्र उत्तरेला निघाला, तर गारठत समुद्र बघावा लागतो. क्रीटची मोठी गावं उत्तर किनाऱ्यावरच आहेत, हेही लगेच सांगते. किनाऱ्याच्या नैऋत्येला उंच डोंगर असेल तर संध्याकाळ तासभर आधीच होते. नकाशावर दिशा बघायला दोन मिनिटं लागतात. आता मी खोली घेण्याआधी ती मिनिटं घालवते, आणि हॉटेलवाल्याला सरळ विचारते की तलावाचं पाणी तापवता का, आणि कुठल्या तारखेपर्यंत.

आता पाऊस. इथे लोक देशाचं नाव घेऊन प्रश्न विचारतात: ‘थायलंड नोव्हेंबरात कसं?’ याला उत्तर नाही, कारण नोव्हेंबरातलं थायलंड एक नसतं. ईशान्येकडून येणारे वारे थायलंडच्या आखातावरून बाष्प उचलतात आणि पूर्वेकडच्या कोह सामुईवर ओततात. तिथला सर्वांत पावसाळी महिना नोव्हेंबर. त्याच सुमाराला पश्चिमेला, अंदमान समुद्राकडे, फुकेत आणि क्राबीचा पाऊस ओसरत असतो. तिथलं सिमिलन बेटांचं राष्ट्रीय उद्यान १५ ऑक्टोबरला पर्यटकांसाठी उघडतं, ते उगाच नाही. सामुई आणि फुकेत नकाशात बोटभर अंतरावर आहेत. भारताचंही तसंच. परतीचा मान्सून निघून गेला की पश्चिम किनारा नोव्हेंबरात बहुतांशी कोरडा, आणि चेन्नईत मात्र वर्षाच्या पावसातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. म्हणून देश ठरवू नका, किनारा ठरवा, आणि तो कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते बघा.

वादळांचंही एक पंचांग असतं. बंगालच्या उपसागरात मान्सूनच्या आधी एक आणि नंतर एक असे चक्रीवादळांचे दोन हंगाम, आणि त्यातला दुसरा ऐन आपल्या सुट्टीवर येतो. ओडिशाचं महावादळ २९ ऑक्टोबर १९९९ चं, तमिळनाडूवर आदळलेलं ‘गज’ नोव्हेंबर २०१८ मधलं. अरबी समुद्र तुलनेने शांत, पण २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ कन्याकुमारीजवळून त्यातच शिरलं होतं. अटलांटिकमध्ये हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. त्याचा जोर सप्टेंबरात सर्वाधिक, तरी कॅरिबियनचा बेत आखणाऱ्याने शेवटची तारीख ध्यानात ठेवावी. हे ऐकून घरी बसायची गरज नाही. पैसे परत मिळतील अशी खोली घ्यावी, आणि विमा काढायचाच तर लवकर काढावा. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा सहसा त्या वादळापुरता तरी उपयोगी पडत नाही.

भूमध्य समुद्राचा पाऊस निराळ्या स्वभावाचा आहे. तिथला उन्हाळा कोरडा, आणि पाऊस शरदात सुरू होतो. खाली उन्हाळभर तापलेला समुद्र, वर उत्तरेकडून सरकलेली थंड हवा, अशी गाठ पडली की महिन्याचा पाऊस एका दुपारीत कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. त्यामुळे नोव्हेंबरच्या सरासरीत दिसणारा पाऊस बघून घाबरायचं कारण नाही, आठापैकी पाच दिवस छान जाऊ शकतात. पण तो एक दिवस चेष्टेवारी नेण्यासारखा नसतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनमध्ये वलेन्सियाजवळ असाच पाऊस झाला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. कोरड्या ओढ्यांमधून बघता बघता लोंढे आले होते. किनाऱ्यालगतच्या कोरड्या ओढ्यात गाडी लावू नये आणि इशारा आला असेल तर तळघरातल्या वाहनतळाकडे फिरकू नये, हे मी आता सोबतच्या सगळ्यांना बजावते. कटकटी म्हणतात, म्हणोत.

एक फसगत अशी की ऊन कडक, अक्षांश दक्षिणेचा, आणि पाणी गार. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर एसाविराला हे होतं. किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे वरचं तापलेलं पाणी खोल समुद्राकडे ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला तळाकडचं थंड पाणी वर येतं. मासेमारीला हे वरदान. पोहायला आलेल्याला नाही. तिथे वारा खात तटबंदीवर बसावं.

आणि हो, दक्षिण गोलार्धात शरद सरतो तो मे महिन्यात. तिकडे जाणाऱ्यांनी वरचं सगळं सहा महिने सरकवून आणि दिशा उलटी करून वाचावं.

तर मामेभावाला मी जे सांगितलं ते असं. उतरायचंच असेल तर तांबड्या समुद्राचा इजिप्तकडचा किनारा घे, नोव्हेंबरात पाणी २५ अंशांच्या आसपास, पाऊस जवळजवळ नाहीच, फक्त अंधार पाचच्या सुमाराला पडतो. किंवा फुकेतची बाजू महिन्याच्या उत्तरार्धात. किंवा भारताचा पश्चिम किनारा. बघत बसायचं असेल, चालायचं असेल, रिकाम्या गावांत भटकायचं असेल तर क्रीट, सायप्रस, पोर्तुगालचा दक्षिण किनारा: गर्दी नाही, ऊन अंगाला लागत नाही, कुणी घाई करत नाही. अटलांटिकमधली स्पेनची कॅनरी बेटं या दोन्हींच्या मधली. हवा विशीच्या वर, पाणी २१-२२ अंश. उतरता येतं, पण उतरताना तोंडातून आवाज निघतो.

त्याने कॅनरी निवडली. माणसं मधलंच निवडतात.

त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. हंगाम संपला की अनेक किनाऱ्यांवरचे जीवरक्षक निघून जातात, इशाऱ्याचे झेंडेही उतरतात. आणि नेमकी त्याच वेळी लांबच्या वादळांमुळे लाटा फुगू लागतात. वर निळं आकाश, वारा नाही, तरी हजार मैलांवरून आलेली लाट पायाखालची वाळू ओढून नेते. झेंडा नाही याचा अर्थ धोका नाही, असा कुणी घेऊ नये. किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती असते, तेव्हा कड्याखालच्या चिंचोळ्या वाळूवर चटई पसरण्याआधी भरतीची वेळ बघून ठेवा.

यंदा मला स्वतःला बघायचंच आहे. पोर्तुगालच्या नाझारेला चालले आहे, ते उबदार वगैरे मुळीच नाही. गावासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे, ती अटलांटिकच्या लाटा उचलून किनाऱ्याशी उभ्या करते. २९ ऑक्टोबर २०२० ला एका जर्मन लाटस्वाराने तिथे २६.२१ मीटरची लाट पार केली, आणि तो विक्रम म्हणून नोंदला गेला. कड्याच्या टोकाला जुना किल्ला आणि दीपगृह आहे, तिथे उभं राहून लाटा बघतात. लाट रोज येते असं नाही. म्हणून आठ दिवस काढलेत, नैऋत्येकडे तोंड असलेली खोली घेतली आहे, आणि ती रद्द केली तर पैसे परत मिळतात.